उतारावरचे विमान आणि मी

मित्रांनो, मी विमान नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून निराशा नको. मी विमानाच्या चाकाला लावायचा एक जुना लाकडी ठोकळा आहे. सुताराने एकाच ओंडक्यातून मला आणि माझ्या भावाला कापले. भाऊ चाकाच्या पुढे, मी मागे. उडणाऱ्याचे कौतुक सगळे करतात. त्याला उभे कोण ठेवतो, हे कुणी विचारत नाही.

युद्ध पेटले आणि तळावर सगळ्याचीच टंचाई झाली. एका मालवाहू विमानाला ठोकळ्यांची एकच जोडी. शिडीची खालची पायरी तुटलेली. दुरुस्तीचा अर्ज तीन महिन्यांपूर्वी गेला होता, बहुधा पायीच.

त्या सकाळी सव्वीस जखमी जवान न्यायचे होते. कुबड्यावाल्यांचा पाय शिडीला पोहोचेना. पायाखाली काहीतरी द्या, म्हणून नर्सबाईंनी आमच्या मिस्त्रींना विनवले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी इकडेतिकडे पाहिले आणि चाकापुढचा माझा भाऊ उचलून शिडीखाली ठेवला. दोन मिनिटांचे तर काम, आणि ब्रेक आहेच की, असे म्हणाले.

शेवटचा जवान आत गेला आणि ब्रेकने अंग काढून घेतले. चाक माझ्यापासून सुटले. शिडी कोसळली. वैमानिकसाहेब सह्या करायला कचेरीत, आणि उताराच्या टोकाला पेट्रोलने भरलेला टँकर! मी ओरडणार कसा? लाकडाला तोंड नसते.

मामांचे वजन शंभर किलो, त्यात एक गुडघा कायम संपावर. पण त्यांनी मला बगलेत मारले आणि असे धावले, की गुडघ्यालाही नंतरच कळले असावे. पहिल्यांदा त्यांनी मला फेकले. नेम चुकला, चाक शेजारून निघून गेले. त्यांनी मला पुन्हा उचलले, चाकाच्या पुढे गेले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी मला आत सारले. करकन माझा कोपरा फुटला. पण चाक अडले! विमान गर्रकन वळले, टँकर वीतभर अंतराने वाचला आणि पंखाचे टोक कचेरीच्या खिडकीतून थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेले.

विमानात डोळ्यांवर पट्टी असलेल्या एका जवानाने विचारले, "बाई, पोहोचलो का आपण?"

"नाही रे दादा," नर्सबाई म्हणाल्या, "अजून निघायचंय."

चौकशीत सगळा दोष ब्रेकवर गेला. ब्रेकलाही तोंड नसते, त्यामुळे प्रकरण सोपे होते. सही तेवढी बाकी असताना मामा उभे राहिले.

"ब्रेक जुना होता, साहेब. पण ठोकळा मी काढला. ह्याच हातांनी."

मामांची बढती गेली. नवी शिडी मात्र त्याच आठवड्यात आली.

आता मी कोठाराचे दार अडवून धरतो. उंदीर सोडले तर विचारपूस करणारे कुणी नाही. मित्रांनो, पडणाऱ्याला आधार जरूर द्या. फक्त तो आधार उचलण्याआधी खाली वाकून पाहा, त्याने आधीच कुणाला धरून ठेवलेले नाही ना.