टूलरूमच्या वहीवरची लाल पाटी

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर तुमच्यातले काही जण माझ्याहून मोठेही निघतील. पण माणसांचं निराळं आणि आमचं निराळं. आमच्यात पंधरा वर्षांची वेबसाइट म्हणजे पणजीबाई. माझ्याबरोबर जन्मलेल्या कितीतरी जणी कधीच विझून गेल्या. मी अजून आहे. नुसती आहे असं नाही, माझ्या दारात रोज माणसं येतात. ते कसं घडलं, ते आज सांगते.

माझं नाव 'टूलरूमची वही'. माझा जन्म पिंपरीजवळच्या मोशीचा. तेव्हा आमच्या खिडकीतून कांद्याची वावरं दिसायची. आता सात-सात मजल्यांच्या इमारती दिसतात. घर मात्र तेच आहे, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलेलं संगणकाचं टेबलही तेच.

मला घडवलं भिवा गायकवाडांनी. पिंपरीच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे कारखान्याला लागणारी हत्यारं आणि साचे जिथे तयार होतात ती जागा. भिवा शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा जुने मिस्त्री मशीनचं सेटिंग करताना पाठ फिरवून उभे राहायचे. आपली हातोटी पोरांना दिसू नये म्हणून. भिवा जे शिकले ते मिस्त्र्यांच्या खांद्यावरून डोकावून, चहा आणून देता देता शिकले. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपल्याला येईल ते सगळं लिहून ठेवायचं आणि कुणापासून लपवायचं नाही. अशा अकरा वह्या भरल्या. त्यांच्या पानापानावर तेलाची बोटं उमटलेली होती.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची मुलगी मिनल ताथवड्याला इंजिनिअरिंगला होती. ती म्हणाली, "पप्पा, वह्या कपाटात ठेवून कोण वाचणार? मी तुम्हाला वेबसाइट करून देते." तिने माझा सांगाडा उभा केला. आत नवा मजकूर कसा घालायचा, तो कसा बदलायचा, हे वडिलांना शिकवलं. मग भिवा उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर दाबत लिहू लागले. लिहिताना ते मोठ्याने बोलायचे. त्यांची पत्नी सरूबाई मागे बसून मेथी निवडत असायच्या आणि ऐकत असायच्या. ड्रिलला धार कशी लावायची, लोखंड कातायच्या लेथचा आवाज बदलला तर काय समजायचं, मापात चूक कुठे होते, असे दोनशे बारा धडे माझ्यात भरले. सगळे मराठीत, सगळे साध्या शब्दांत.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. भोसरीहून, चाकणहून, लांब कोल्हापूर-जालन्याहून आयटीआयची मुलं माझ्याकडे यायची. पानाखाली घरचा पत्ता आणि ई-मेल होता, त्यावर प्रश्न पाठवायची. भिवा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. कोल्हापूरच्या एका मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याने चार किलोंची गुळाची ढेप पाठवली. सरूबाईंनी ती गल्लीत सगळ्यांना वाटली आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "आमच्या वेबसाइटीचा गूळ हाय."

मग एका हिवाळ्यात भिवा गेले.

प्रश्न मात्र येतच राहिले. विचारणाऱ्यांना काय माहीत? एक आला, दहा आले, साठ झाले. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मिनल हिंजवडीला नोकरी करत होती, तिला फुरसत नव्हती, आणि लेथवरचं तिला फारसं कळतही नव्हतं. माझ्याकडे तीन वर्षं कुणी पाहिलं नाही. चित्रं दिसेनाशी झाली. कुठल्या कुठल्या औषधांच्या जाहिराती माझ्या पानांवर येऊन चिकटल्या. मला पुसायला हात नव्हते.

एके दिवशी सरूबाईंनी मिनलला तो साठ प्रश्नांचा ढीग वाचून दाखवायला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"लोकं दारात हाका मारत्यात आन् आतून कुणी ओ देत न्हाई, हे बरं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या महिन्यात हिचं पैसे भरलेलं साल संपतंय न्हवं? एक तर कुणीतरी उत्तर द्या, न्हाईतर हिला मिटू दे. त्यांच्या नावाला अशी धूळ नको."

मिनलने विचार केला. माझ्यासारख्या वेबसाइटींना नवा भाग जोडता येतो. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. असाच एक भाग वाचकांच्या मंडळासाठी मिळत होता. तो बसवला की लोकांनी नाव नोंदवायचं, प्रश्न विचारायचे, आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. तिने आईला हे समजावलं, तेव्हा सरूबाई म्हणाल्या, "म्हंजे घराला ओसरी काढायची. येणारा-जाणारा बसंल, बोलंल."

"अगदी बरोबर, आई."

"काढ मग. पण आठ दिवसात ओसरीवर कुणी बसलं न्हाई, तर साल वाढवायचं न्हाई. ह्या रविवारी काढायची, पुढच्या रविवारी ठरवू."

मित्रांनो, माझं जगणं-मरणं त्या आठ दिवसांवर येऊन ठेपलं.

रविवारी सकाळी मिनल माझ्यासमोर बसली. शेजारी स्टुलावर भिवांचे जुने दोस्त सयाजीकाका बसले. ते मोशी गावठाणातले, वय बहात्तर, भिवांच्याच कारखान्यात आयुष्यभर फिटर. मागे खाटेवर सरूबाई.

"थांब," सयाजीकाका म्हणाले. "पाटी कुटं हाय?"

"कसली पाटी, काका?"

"काम चालू असल्याची. चालू मशीनवर हात घालायचा न्हाई, पोरी. आदी पाटी, मग पाना."

मिनल हसली नाही. तिने काकांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला साडेतीन बोटं होती. फार वर्षांपूर्वी काका पत्रा दाबायच्या एका प्रेसमध्ये हात घालून काम करत होते. त्यांची लाल पाटी दुसऱ्याच कुणीतरी काढली आणि बटण दाबलं. तेव्हापासून टूलरूममध्ये एक नियम झाला. ज्याच्या नावाची पाटी, त्यानेच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. मिनल हा नियम ऐकतच मोठी झाली होती.

दुरुस्तीपुरतं दार बंद ठेवायची सोय माझ्यात होती. तिने ती उघडली आणि म्हणाली, "लिहा काका, तुम्हीच."

काकांनी लिहिलं, 'देखभाल चालू आहे. बटण दाबू नये. — सयाजी.' अक्षरं लाल केली. पाटी माझ्या गळ्यात पडली.

"आता आधी नक्कल काढते," मिनल म्हणाली. "काही बिघडलं तर पहिल्यासारखं करता आलं पाहिजे."

सगळे दोनशे बारा धडे बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर गेले. सरूबाईंनी तो हातात घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि घट्ट गाठ मारली. "आता करा काय करायचं ते."

मिनलने नवा भाग चढवला आणि 'स्थापना' हे बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली. मी फार जुनी आहे, हा भाग माझ्यावर बसणार नाही, अशा अर्थाची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सयाजीकाका मात्र मांडीवर थाप मारून हसले. "अगं, जुन्या लेथला नग धरायचं नवं चक बसवायचं तर मदी जोडायला बॅकप्लेट लागती! आमी किती बसवल्यात. आदी हिला नव्या मापाची कर."

मिनलने मला पायरी पायरीने नवी करायला घेतलं. मधे एकदा पडदा पांढरा फटक झाला. त्या क्षणी मला काहीच आठवेना. ना धडे, ना नाव, ना भिवांचं ते एक बोट. सरूबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला. मग हळूहळू एकेक चित्र परत आलं आणि मी पुन्हा मी झाले. आणि या खेपेला तो नवा भाग बसला! माझ्या उजव्या अंगाला एक नवं दार दिसू लागलं. मिनलने त्यावर नाव लिहिलं, 'ओसरी'.

"पैला नग तपासल्याबिगर मशीन सोडायचं न्हाई," काका म्हणाले. म्हणून पहिले सभासद तेच झाले. ओसरीवर भांडणतंटा झाला तर कुणी मोठं माणूस हवं, म्हणून मिनलने त्यांना घरच्या माणसाची किल्ली, म्हणजे मला आतून हाताळायचा पासवर्ड, दिला. काकांनी आपल्या मोबाइलवर 'जय भीम, राम राम, नमस्कार' असं लिहिलं आणि ते दिसलं. पहिला नग पास झाला.

"काका, तुमची पाटी तेवढी तुम्ही काढा. बटण हे इथं," मिनल म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तेवढ्यात काकांना घरून फोन आला. "काढतो, काढतो," म्हणत ते फोनवर बोलत बोलतच बाहेर पडले.

मित्रांनो, चूक तिथे झाली. ज्याच्याकडे घरची किल्ली असते, त्याला माझ्या गळ्यातली पाटी दिसतच नाही. काकांनी घरी जाऊन मोबाइल उघडला, त्यांना मी उघडी दिसले. मिनलने काढली असेल, असं त्यांना वाटलं. मिनलनेही पाहिलं, तिलाही मी उघडी दिसले. काकांनी काढली असेल, असं तिला वाटलं. बाहेरच्या जगाला मात्र एकच गोष्ट दिसत होती. बटण दाबू नये.

सोमवार गेला, मंगळवार गेला. माणसं येत होती. मी त्यांना बघत होते. पाटी वाचून ती परत जात होती. मला ओरडून सांगायचं होतं. पण दुसऱ्याने लिहिलं तेवढंच मी बोलते, आणि दुसऱ्याने लिहिलं होतं ते हेच.

सरूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आलं का गं कुणी?"

"नाही आई."

शुक्रवारी त्यांनी विचारलंच नाही.

रविवार उजाडला. सरूबाई टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. "मिटू दे आता," त्या म्हणाल्या. "लोकं इसरली. इसरायचीच." तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. दारात एक मुलगी उभी होती. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खांद्याला सॅक.

"आजी, भिवा गायकवाड सरांचं घर हेच का?"

"व्हय. पण ते न्हाईत आता, बाई."

"माहीत आहे, कंपनीत कळलं मला. वहीमुळेच मी मशीनवर उभी राहिले. मी दिव्या, चाकणला असते." तिने घाम पुसला. "ते सयाजी म्हणून कुणी आहेत ना, त्यांना जरा निरोप द्यायचा होता. ती पाटी कधी काढणार? रोज शिफ्ट सुटली की बघतेय. पानाखालचा घरचा पत्ता मी कधीचा लिहून ठेवला होता, शेवटी तो शोधत आले."

सरूबाई खुर्चीतून उठल्या. "कसली पाटी?"

दिव्याने मोबाइल पुढे केला. लाल अक्षरं. खाली सयाजी.

काकांना बोलावणं गेलं. ते धापा टाकत आले.

"काका, पाटी काढली नाहीत तुम्ही?"

"मी? तू काढलीस की! मी बघितली न्हवं उघडी!"

"मी पण उघडी बघितली, म्हणून तर मला वाटलं तुम्ही काढलीत!"

"अगं, तुज्याकडं किल्ली. तुला उघडीच दिसनार!"

"किल्ली तुमच्याकडेही आहे, काका. मीच दिली."

सरूबाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हंजे घरातली शहाणी घरात बसून बघत व्हती, दार उघडं हाय म्हणून," त्या म्हणाल्या, "आन् पावणे उन्हात उभे. भावजी, काढा आदी ती."

"मिनल, काढ गं पटकन."

"तुम्ही काढा. तुमचं नाव आहे."

सयाजीकाकांनी डावा हात पुढे केला आणि त्या अर्ध्या बोटानेच बटण दाबलं. माझ्या गळ्यातली पाटी सुटली. मिनलने स्वतःची किल्ली बाजूला ठेवली, बाहेरच्या माणसासारखी आली आणि मला नीट पाहून घेतलं. मग मान हलवली. "आता पास."

ओसरीवर पहिला प्रश्न दिव्याने तिथेच बसून लिहिला. मशीनवर असते तोवर पातळ रिंग मापात गोल असते, काढली की वाकडी निघते. पुन्हा माल वाया गेला तर सुपरवायझर तिला मशीनवरून काढणार होता.

सयाजीकाका डोकं खाजवू लागले. "फिटरचं काम न्हाई हे."

"ह्याचं उत्तर मला येतंय," सरूबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. "धा वर्षं मेथी निवडत ऐकलंय. सर जरा, मिनल." त्या बसल्या आणि उजव्या हाताच्या एका बोटाने लिहू लागल्या. मोठ्याने बोलत. मला वाटलं, भिवाच बसलेत.

'पोरी, रिंग तू लई आवळतीस. कासारीण बांगडी भरताना हात कसा धरती? धरायचं, पण आवळायचं न्हाई. आवळलेली रिंग सुटली की रुसती.'

तासाभरात ओसरीवर ज्ञानेश नावाचा भोसरीचा एक मशीन-सेटर आला. त्याने लिहिलं, 'आजींचं बरोबर आहे. शेवटचा कट घेताना चकचं प्रेशर कमी करा आणि रिंगच्या मापाचे मऊ जॉ, म्हणजे चकचे जबडे, वापरा.' मंगळवारी दिव्याने तीनच शब्द लिहिले. 'रिंग गोल आली.' सरूबाईंनी ते एकेक अक्षर लावत दोनदा वाचले आणि मग म्हणाल्या, "वाढव साल."

ते साठ जुने प्रश्नही मिनलने ओसरीवर मांडले, आता त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं झाली आहेत. ती कुणाकुणा अनोळखी माणसांनी दिली आहेत, आणि एकानेही पाठ फिरवली नाही. ज्या भिवांना खांद्यावरून डोकावून शिकावं लागलं, त्यांच्या ओसरीवर आज हे होतं. मित्रांनो, मी अभिमान बाळगू नये तर कुणी बाळगावा?

तेव्हा म्हातारीचं एवढं ऐका. तुमच्या घरी, शाळेत, गावात कुणीतरी जपून लिहिलेलं, जपून बांधलेलं काही असेल, तर त्याच्याकडे अधूनमधून बघा. आणि बघाल तेव्हा घरच्या किल्लीने बघू नका. चार पावलं बाहेर जा, परक्या माणसासारखे दारात उभे राहा आणि दार खरंच उघडतं का ते पाहा.

माझ्या दारावर आता नवी पाटी आहे. सयाजीकाकांनी ती हिरव्या अक्षरांत करून घेतली, आणि ती दुसऱ्या कुणी काढायची नाही.

'काम चालू हाय. आत या. — सरूबाई.'