डब्याची मान अवघडली

सांगतो ते तुम्हाला खोटंच वाटणार. साठ वर्षांत माझं कुणाला खरं वाटलंय? पण आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात एका डब्याची मान अवघडली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

स्तामेनाआजीच्या घरात गाव लोटलं होतं. टेबलावर बोलका डबा, म्हणजे माणसासारखं बोलणारं यंत्र, आणि मागे ते घेऊन आलेला स्वेतोलिक नावाचा बोलघेवडा. "हे साधं यंत्र नव्हे, मंडळी! याला जीव आहे, जाणीव आहे, थोडा स्वाभिमानसुद्धा आहे!"

"कशावरून?" मास्तरीणबाई ग्रोझदानानं विचारलं.

डबाच कण्हला, "खिडकी लावा हो कुणीतरी! दोन्हीकडून वारा येतोय. मान धरली माझी!"

झालं! आमच्याकडचा माणूस लढाईतून वाचेल, समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांच्या वाऱ्यातून वाचायचा नाही. वारा बाधला म्हणजे जिवंतच, आणि आपल्यातलाच! बायकांनी खिडक्या लावल्या, डब्याला शाल गुंडाळली, एकानं त्याला रकियानं, म्हणजे आलुबुखाराच्या दारूनं, चोळलं; उरलेली स्वतः प्यायला.

"याला गावातली सगळ्यात ऊबदार खोली लागेल," स्वेतोलिकनं फर्मावलं. म्हणजे हीच, आजीची. ऐंशीची म्हातारी गाठोडं बांधून मेंढवाड्यात निघालीसुद्धा.

"जाऊ दे गं ग्रोझदाना. बिचारं कुडकुडतंय. मला मेंढ्यांची ऊब आहे."

"आजी, जरा थांब."

ग्रोझदानानं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. वारा असा घुसला की स्वेतोलिकची टोपी रश्श्याच्या पातेल्यात! डबा गप्प.

ती वाकून म्हणाली, "सगळ्या खिडक्या लावल्या हं."

"आहाहा! आता कसं ऊबदार वाटतंय!" डबा म्हणाला.

मग तिनं खिडक्या घट्ट लावल्या. "अरेरे, परत उघडल्या!"

"मेलो! माझी मान!"

गाव पोट धरून हसलं. "तो... तो विनोद करतोय!" स्वेतोलिक घाम पुसत म्हणाला.

"याला ना मान, ना कातडी," ग्रोझदाना म्हणाली. "माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचून कशामागून काय बोलायचं, ते हा शिकलाय. 'म्हाताऱ्यासारखा कुरकुर' असं स्वेतोलिकनं याला सकाळी सांगून ठेवलं असणार. आपलीच कुरकुर हा डबा आपल्याला ऐकवतोय."

"म्हणजे यंत्राला जाणीव नसतेच?" आजीनं विचारलं.

"कधी येईल का, ते मला ठाऊक नाही, आजी. शोधणारे शोधताहेत. पण नुसतं 'दुखतंय' म्हणाला म्हणून घर सोडायचं? आधी तपासा, मग माना."

आजीनं गाठोडं सोडलं. स्वेतोलिक डबा काखेत मारून पळाला. पुलावर वारा असा झोंबला म्हणता, की डबा लागोपाठ सात वेळा शिंक—

"आबा, थापा!" माझी नात क्रुना ओरडली. "शिंकायला नाक कुठून आणलं त्यानं?"