साल काढलेली झाडं

टेबलावर पाव होता, बकरीच्या दुधाचं चीज होतं. मेद्रोन्यो या रानफळाच्या दारूची बाटली मात्र आज बाहेर आली नव्हती. पाहुण्याच्या हाती पेला दिल्याखेरीज झेफरिनोकाका कधी बोलायला बसत नसत. आज पेला न देताच ते बसले होते. जळलेल्या डोंगरावरून येणारा वारा पावावर बारीक राख सांडत होता. ती झटकायचं धाडस इल्दाला होईना.

शेवटी एवारिस्तो खाकरला. पालिकेचा हा सारा व्यवहार त्याच्याच हातात होता.

"काका, ठेका इल्दाबाईंच्याच कंपनीला मिळालाय. अगदी रीतसर. तुमच्या जुन्या पवनचक्कीवरचा कॅमेरा पुन्हा सुरू करायचाय. दोन्ही खोरी दिसतील अशी दुसरी जागाच नाही. तुमचा होकार तेवढा हवा."

"पुन्हा सुरू?" काका म्हणाले. "मी तर उन्हाळाभर रोज सकाळी टोपी उचलून त्याला नमस्कार करत होतो. मेलेल्याला!" मग एवारिस्तोकडे बोट करून इल्दाला, "शिकलेला साहेब म्हणून गावात यांना डॉक्टर म्हणतात, इंजिनिअरबाई. नाडी कुणाची पाहिली नाही, पण डोळे मिटायला बरोबर पुढे."

गेल्या वर्षी ते तिला 'पोरी' म्हणत असत.

गेल्या वर्षी तिच्या चार माणसांच्या कंपनीने धूर ओळखणारे कॅमेरे इथे चाचणीसाठी फुकट बसवले होते. वसंतात चाचणी संपली, निविदा निघाली, आणि एवारिस्तोचा फोन आला: आता कॅमेरे बंद ठेवा; निविदेच्या काळात तुमचंच यंत्र चालू राहिलं तर बाकीचे हरकत घेतील, तुम्हीच बाद व्हाल. लिस्बनमध्ये जेवता जेवता तिने एक बटण दाबलं. वाद घातला नाही. उलट, आपण नियमाने चालणारी माणसं आहोत, याचं तिला त्या दुपारी समाधानच वाटलं होतं. गावाला पालिका कळवील असं तिने धरलं. इल्दा कळवील असं पालिकेने धरलं. पवनचक्कीवरची काच मात्र उन्हात पूर्वीसारखीच चमकत राहिली.

त्या चमकण्याच्या भरवशावर काकांनी जूनमध्ये बुचाच्या झाडांची साल काढवली. नऊ वर्षांनी एकदा येणारं पीक. साल हेच त्या झाडाचं चिलखत. ती उतरवली की नवी धरेपर्यंत खोड उघडंवाघडं, आणि आग आली तर थेट गाभ्यात. उन्हाळा सरता सरता ती आली, आणि धूर पाहायला वर कुणी जागं नव्हतं.

"बायको सांगत होती," काका म्हणाले, "एवढं कोरडं वर्ष आहे, यंदा राहू द्या. मी म्हटलं, अगं, वर डोळा आहे ना जागा! आता ती माझ्याशी बोलत नाही. बोलायचं तरी काय?"

नियमच तसा होता, हे वाक्य इल्दाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच तिला त्याची शरम वाटली.

"बंद मी केला, काका."

"माझा फोन नंबर होता तुझ्याकडे?"

"होता."

"चूक पालिकेचीही..." एवारिस्तोने सुरुवात केली.

"तुम्ही पाव खा, डॉक्टर."

खाली उतारावर ती झाडं उभी होती. साल उतरवल्यावर खोडावर वर्षाचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहायचा, ही इथली रीत. पुढची नऊ वर्षं त्यावरूनच मोजायची. काळ्या खोडांवर तो आकडा अजून पुसट दिसत होता, वाट पाहण्याजोगं काही उरलं नसताना.

"उद्या पुन्हा कुणी सांगितलं, बंद कर," काका म्हणाले, "तर?"

"नाही करणार."

आपला आवाज तिला परका वाटला. निविदेत लिहितात तसा, स्वच्छ आणि स्वस्त. ती घाईने पुढे म्हणाली, "निदान तुम्हाला सांगितल्याशिवाय नाही. ठेका गेला तरी. काका, सुरू करू ना?"

झेफरिनोकाकांनी टेबलावरची टोपी उचलली, तिच्यावरची राख फुंकली, डोक्यावर ठेवली. पवनचक्कीकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण नमस्काराला टोपी उचलली नाही. मग तिच्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात टेकत, ते झाडांच्या दिशेने उतार उतरू लागले.