इल्फर्डहून निघालेली मदत

नोव्हेंबर ते एप्रिल मी स्कॉटलंडमधल्या कॅर्नगॉर्मच्या डोंगरांत रेंजर असते. बर्फ तपासायचा, वाट चुकलेल्यांना खाली आणायचं आणि कापडी बूट घालून आलेल्यांशी गोड बोलायचं. शेवटचं मला जमत नाही. "डोंगर राखायला पगार देतात?" असं पुण्याहून आई अजून विचारते. मे उजाडला की काँट्रॅक्ट संपतं आणि मी लंडनमधल्या हाउन्सलोला नवऱ्याकडे परतते.

एप्रिलमधल्या एका दुपारी कड्याखालून जाताना मराठी ऐकू आलं. "अगं, डोळे मिटू नकोस." दगडांच्या आडोशाला एक माणूस बायकोला कवटाळून बसला होता. परीक्षित आणि अर्चना, लंडनजवळच्या मेडनहेडहून सुट्टीला आलेले. बर्फावरून घसरून अर्चनाचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. त्याहून वाईट म्हणजे तिची थरथर थांबली होती. थंडीत माणूस थरथरतो तोवर बरा. ती थांबली की हातात वेळ थोडा उरतो.

मी रेडिओवरून रेस्क्यू टीम मागवली, पायाला आधार बांधला आणि दोघांनी मिळून तिला स्लीपिंग बॅगमध्ये सरकवलं.

"कधी पडल्या?"

"आत्ताच," परीक्षित म्हणाला.

दोघांखालचा बर्फ बसून बसून पार दबला होता. "खरं सांगा. डॉक्टरांना सांगावं लागेल मला."

"सकाळी."

"मग फोन लागत नव्हता का?"

"लागतो ना. कबीरला केला. फ्रेंड आहे, लंडनला इल्फर्डचा. लगेच ड्राइव्ह करत निघालाय. आत्ता लीड्सच्या आसपास असेल."

मी कपाळावर हात मारला. लीड्स म्हणजे अर्धा रस्तासुद्धा नाही. "आणि कबीर येऊन काय करणार? पाठीवर घेऊन उतरणार?"

"इमर्जन्सीचा ९९९ केला की पोलीस मागावे लागतात," तो हळू आवाजात म्हणाला. "आमचं आयएलआरचं ॲप्लिकेशन गेलंय. कुठे नाव रेकॉर्डवर आलं तर..."

डोंगरातली मदत इथे पोलिसांमार्फत मागवावी लागते, हे खरं. येतात मात्र गावातला बेकर, शाळेतल्या बाई, एखादा सुतार. हातातलं काम टाकून, फुकट. आयएलआरशी, म्हणजे या देशात कायमचं राहायच्या परवानगीशी, त्यांचा काडीचाही संबंध नाही. मला संताप आला आणि मी तो गिळला नाही.

"बायको गेली असती तर त्या कागदाचं काय लोणचं घातलं असतंत?"

तो खाली मान घालून तिचे हात धरून बसला. शेळपट आहे, असं मी मनात ठरवून टाकलं.

गरम पॅक काखेत ठेवायला मी अर्चनाच्या जॅकेटची चेन उघडली. आतल्या खिशात दोन फोन होते. एक तिचा. दुसऱ्याच्या कव्हरमध्ये परीक्षितचं ओळखपत्र.

तिनं डोळे किलकिले केले. "त्याला नका बोलू," ती अडखळत म्हणाली. "तो लावत होता नाइन नाइन नाइन. मीच ओढून घेतला. फक्त कबीरला लावू दिला."

"पण का?"

"ॲप्लिकेशन माझ्या जॉबवर आहे. मुलीची शाळा, घर, सगळं त्याच्यावर. पाय काय... पाय होईल बरा."

मी परीक्षितकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही. मला त्याचं वाईट वाटलं, तिचा राग आला, आणि त्या रागाला कुठे जागा मिळेना.

टीम आली. स्ट्रेचर खाली न्यायला संध्याकाळ झाली. वाटेत अर्चना पुन्हा थरथरू लागली, तेव्हा टीममधले डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, आता ही वाचली. पार्किंगमध्ये ॲम्ब्युलन्सशेजारी एक पोलीस थांबला होता. पोरसवदा, नाक थंडीनं लाल झालेलं. ती शुद्धीवर आहे ना हे बघायला त्यानं वाकून तिचं नाव विचारलं.

अर्चनानं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. दात वाजत होते, शब्द धड फुटत नव्हते, तरी तिनं इंग्रजीत त्याला सांगितलंच. "सॉरी, सर. वी पे ऑल अवर टॅक्सेस."