फळ्यांची गल्ली

काकांशी भांडून ह्वी-इमने एक गोष्ट जिंकली होती. बापाला देवळात ती स्वतः नेणार होती, आणि तेही त्याच्याच सायकलरिक्षातून.

पा म्हणजे तिचा बाप. मलेशियातल्या जॉर्जटाउनात त्याने उभी हयात परगावच्या पाहुण्यांना शहर दाखवलं, पायडल मारत, खोकत, विनोद करत. शेवटी नुसता खोकला उरला, आणि मग तोही थांबला. त्याला सात आठवडे झाले होते. अस्थी देवळातल्या कप्प्यात कधीच गेल्या होत्या. घरी राहिली होती ती त्याच्या नावाची कागदी पाटी आणि उदबत्त्यांचं भांडं. मेलेला माणूस त्या धुरामागून चालतो. आज तो धूर देवळात न्यायचा होता, कारण उद्या घर रिकामं करायचं होतं. पाण्यात खांब रोवून उभं केलेलं ते जुनं घर काकांनी पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं होतं. ह्वी-इमची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे ती आता खाडीपलीकडे काकांच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. पा आज आला नाही तर तो मागेच राहणार, परक्यांच्या पलंगांमधून वाट काढत फिरणार.

नेण्याचा नियम साधा होता. प्रत्येक वळण त्याला सांगायचं आणि प्रत्येक पूल सांगायचा. न सांगता पाणी ओलांडलं तर मेलेला माणूस अलीकडच्या काठावरच थांबतो. हे सांगायचं काम मुलाचं. पाला मुलगा नव्हता.

"पोरीच्या हाकेला जिवंत कोंबडी येत नाही," काका म्हणाले होते, "मेलेला माणूस काय येणार?"

"कोंबडीला माहीत असतं, तुम्ही तिला कापणार आहात," ह्वी-इम म्हणाली होती. "पाला माझी काय भीती?"

काका हसले नव्हते, पण अडूनही बसले नव्हते. ते गाडीने पुढे देवळात गेले. ह्वी-इमने पाटी छातीशी धरली, भांड्यात उदबत्ती पेटवून ते कडेवर घेतलं, ऊन लागू नये म्हणून वर काळी छत्री उघडली आणि घराचं दार ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर, पाक हशीम पाची रिक्षा घेऊन उभे होते. ते पाचे जुने जोडीदार. दोघांच्या रिक्षा वर्षानुवर्षं एकाच झाडाखाली उभ्या राहायच्या. पाक हशीम मशिदीत जाणारे, त्यामुळे पाटीला ते हात लावणार नव्हते आणि हाकही मारणार नव्हते. मी फक्त पायडल मारीन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ह्वी-इमला तेवढं खूप होतं.

सीटवर बसून तिने मोठ्याने सांगितलं, "पा, निघालो."

खरं तर देवळात सरळ रस्त्याने जाता आलं असतं. पण तिने पाक हशीमना पाच्या नेहमीच्या वाटेनेच न्यायला लावलं. सगळ्यांना शहर दाखवणाऱ्याला कुणी कधी पाहुण्यांच्या सीटवर बसवून शहर दाखवलं होतं? वळण आलं की ती वळण सांगे, आणि मधल्या वेळात त्याचीच वाक्यं त्याला ऐकवी. ती तिला तोंडपाठ होती. कुआन यिन या चिनी देवीचं देऊळ, तमिळ लोकांची मारीअम्मन, मशीद आणि चर्च हे सगळं हाकेच्या अंतरावर. तिथे पा पाहुण्यांना नेमाने सांगायचा की इथे चार घरचे देव शेजारी राहतात आणि कधी भांडत नाहीत, भांडण होतंच ते गाड्या लावण्यावरून. तमिळ गल्लीत मोगऱ्याचे गजरे टांगले होते. पा फुलवालीशी तमिळमध्ये घासाघीस करायचा आणि घ्यायचा काहीच नाही. ह्वी-इमने तेही सांगितलं. फुलवालीने रिक्षा ओळखली, पाटी पाहिली आणि एक गजरा छत्रीच्या काडीला अडकवला. जायफळाच्या सरबताची गाडी आली तेव्हा पाक हशीमनी वेग कमी केला. पा इथे दम घ्यायचा. पुढे नाल्यावर छोटा पूल आला.

"पा, पूल आला. ये, घाबरू नकोस."

भिंतीवरच्या चित्रांसमोर पर्यटक फोटो काढत होते. एका बाईने छत्री, गजरा, धूर आणि त्यामागे शाळेच्या वयाची मुलगी पाहिली आणि कॅमेरा उचलला. ह्वी-इम ताठ बसली. तिला वाटलं, पा आत्ता हसत असेल. सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिला तो जवळ वाटला, अगदी मानेमागे, श्वास लागावा इतका.

देवळात काका वाट पाहत होते. पाटी कप्प्यासमोर ठेवली, नवी उदबत्ती लावली. आता त्यालाच विचारायचं होतं की आलास का. त्यासाठी लाल लाकडाचे दोन तुकडे असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही.

ह्वी-इमने तुकडे कपाळाला लावून टाकले. दोन्ही पालथे.

"नीट विचार," काका म्हणाले.

तिने नीट विचारलं. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदा तिने तुकडे पुन्हा कपाळाला लावले. तुकडे फरशीवर आपटले, एक जागीच पालथा पडला, दुसरा घरंगळत काकांच्या बुटापाशी गेला आणि तिथे पालथा झाला.

काका टोमणा मारतील म्हणून तिने मान खाली घातली. पण ते तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि दारापासून सगळं सांग म्हणाले. तिने सांगितलं. कुठलंच वळण सुटलं नव्हतं. नाल्यावरचा पूल तर दोनदा सांगितला होता.

"आणि रिक्षात बसायच्या आधी?"

"आधी काय? दार ओढलं, गल्लीतून आले..."

ती थांबली. गल्लीतून येताना पायाखाली जो आवाज व्हायचा तो तिला आता ऐकू आला. खडखड, पोकळ, आणि त्याखाली लाटांचं चपचप. गल्ली म्हणजे घरापासून काठापर्यंत टाकलेल्या लांब फळ्या. तिच्यावर ती रांगली होती, लंगडी खेळली होती, सायकल शिकली होती. सगळी वस्ती तिला गल्लीच म्हणायची.

"काका, गल्लीच्या खाली पाणी आहे."

काकांचाही जन्म त्याच फळ्यांवरचा. ते म्हणाले, "मी असतो तर मीही सांगितलं नसतं."

तेवढंच त्यांच्याकडून मिळालं, पण ह्वी-इमला त्याने बरं वाटलं नाही. म्हणजे मानेमागे कुणीच नव्हतं. चार घरचे देव, फुलवाली, सरबत हे सगळं तिने रिकाम्या वाऱ्याला दाखवलं होतं, आणि पा त्या वेळी घराच्या उंबऱ्यावर उभा राहून तिची छत्री लांब जाताना बघत होता.

काकांना देवळातच थांबवून, पाटी आणि भांडं घेऊन ती पाक हशीमबरोबर परत आली तेव्हा ओहोटी लागली होती. घरांखालचा चिखल उघडा पडून वास मारत होता. दाराला पर्यटकांच्या खोल्यांची नवी पाटी आधीच टेकवून ठेवलेली होती. ह्वी-इमने आत जाऊन रिकाम्या कोपऱ्यासमोर उदबत्ती लावली, बाहेर आली, आणि पहिल्या फळीवर पाय ठेवायच्या आधी उभी राहिली.

शब्द तोंडातून निघेना. वादविवाद स्पर्धेत अख्खा हॉल गप्प करणारी मुलगी ती. पण एकदा हिला पूल म्हटलं की ही गल्ली राहणार नव्हती. पूल ओलांडायचा असतो. पुलावर कुणी राहत नाही.

"पा," ती म्हणाली, "पूल आला."

मग ती फळ्यांवरून सावकाश चालली आणि दर थोड्या अंतराने तेच सांगत राहिली, अजून पूल आहे, अजून आहे, आता काठ आला. पाक हशीम हँडलवर हात ठेवून दुसरीकडे बघत होते.

या वेळी त्यांनी सरळ रस्ता धरला. ते बरोबरच होतं, अंधार पडायच्या आत पोचायला हवं होतं. गजऱ्यांची गल्ली उजवीकडे राहून गेली. सरबतवाला या वाटेवर नव्हताच. ह्वी-इमने वळणं सांगितली, पूल सांगितला, बाकी काही बोलली नाही. सकाळची वाक्यं पुन्हा म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. मानेमागे तिला काही जाणवलंही नाही.

देवळात तुकडे पडले, एक उताणा, एक पालथा.

"आला," काका म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जड आणि अवघडलेला, आणि गाडीची किल्ली काढली. सामान बांधायचं राहिलंय, रिक्षाने घरी जाईन, सकाळी न्यायला या, असं ती त्यांना म्हणाली.

पाक हशीमनी तिला फळ्यांच्या तोंडाशी सोडलं आणि रिक्षा कुठे ठेवू ते विचारलं. झाडाखालीच, ती म्हणाली. ते गेले. हातात मिटलेली छत्री, काडीला सुकलेला गजरा. तिने पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि तिच्या तोंडातून आपोआप निघून गेलं,

"पूल आला."

मग तिला आठवलं की मागून कुणी येत नाहीये.