परिच्छेद सात

राजधानीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात दया मागायचं काम माझ्याकडे आलं आणि ज्याच्यापुढे ती मागायची त्याचं काम विठ्ठलरावांकडे. कामं वाटली अहिल्याताईंनी. त्यांना आमच्यातलं जुनं प्रकरण ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी हेच केलं असतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना नाटकापलीकडे काही दिसत नाही.

नाटक जुनं, राजदरबाराचं. एका लाकूडतोड्याने इनामदाराच्या बागेतलं चंदनाचं झाड तोडलेलं असतं. कायद्यात लिहिलेलं असतं की अशाचा हात तोडावा. इनामदार भर दरबारात तो हात मागतो, आणि मग लाकूडतोड्याची बहीण पुढे येऊन म्हणते, ‘कायद्याला हात दिसतो. हातामागचा माणूस फक्त दयेला दिसतो.’ शेवटी इनामदार विरघळतो आणि पडदा पडतो. गेली कित्येक वर्षं इनामदार विठ्ठलरावच करत आले आहेत आणि छान करतात, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

छान करणारच. खऱ्या आयुष्यात त्यांनी तेच केलं होतं, माझ्याबरोबर, फक्त शेवटी विरघळले नव्हते.

माझा नवरा सुजय सरकारी नोकरीत होता. तो गेला तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घर ठेवायची मुदत संपत आली, तेव्हा भक्तीची दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी परीक्षेपुरती मुदतवाढ मागितली. फाइल होती क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात, विठ्ठलरावांच्या टेबलावर. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण शाळेच्या पत्रावर मुख्याध्यापकांचा शिक्का नव्हता. मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहून रडले होते, हे आठवलं की आजही माझे कान तापतात. ते म्हणाले, “वहिनी, रूल म्हणजे रूल. मी दया करत बसलो तर हे ऑफिस चालेल का?”

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेत, एका खोलीत आलो. गणिताच्या पेपरच्या दिवशी ऑटो जाममध्ये अडकली, भक्ती पंचवीस मिनिटं उशिरा पोचली, शेवटची गणितं राहिली आणि तिचं सायन्स हुकलं. ती विठ्ठलरावांवर कधीच चिडली नाही. ती माझ्यावर चिडली. “आई, एक शिक्का बघून घेता आला नाही तुला?” असं ती एकदाच म्हणाली, पण त्यानंतर माझ्या हातात कुठलाही फॉर्म दिला नाही. बारावीचा फॉर्मसुद्धा तिचा तिनेच भरला. मला काही म्हणायला तोंड नव्हतं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पुढे मला सुजयच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. सरकार कधी दया दाखवतं तेव्हा तिला नावसुद्धा लांबलचक देतं. आणि एक बदली होऊन, गेल्या ऑगस्टमध्ये, मी येऊन बसले त्याच सेक्शनमध्ये. विठ्ठलराव तोवर रिटायर झाले होते.

डिसेंबरात त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला.

त्यांचा नोएडाचा फ्लॅट बिल्डरने अर्धवट टाकलेला. पत्नी चंद्रप्रभाबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही क्वार्टरपासून जवळच्या दवाखान्यात. त्यांना आणखी सहा महिने घर हवं होतं. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं, पण खासगी नर्सिंग होमचं. नियमाप्रमाणे ते सरकारी दवाखान्याचं लागतं. इतकी वर्षं या टेबलावर काढलेल्या माणसाने ही चूक करावी याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, बायको अशी आजारी असताना माणूस समोर येईल तो कागद जोडतो. मीही तसंच केलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. ‘अर्ज अपूर्ण, नामंजूर’ एवढे तीन शब्द, आणि त्यांच्याच अक्षरातला नमुना माझ्या घरी कपाटात होता.

सेक्शन ऑफिसरना मी सांगितलं की अर्जदार माझ्या ओळखीचे आहेत. ते चहा पीत म्हणाले, “तो क्या हुआ? रूल देखिए और नोट डाल दीजिए.” म्हणून मी परिपत्रकांची फाइल काढली. नकार द्यायचाच होता, पण तो असा पक्का द्यायचा होता की पुढे कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

पहिले सहा परिच्छेद मला पाठ होते. पान उलटल्यावर सातवा होता. अर्जात कागदाची त्रुटी असल्यास अर्ज परस्पर नामंजूर करू नये. अर्जदारास लेखी कळवून ती दूर करण्यासाठी पंधरा दिवस द्यावेत.

मी तो चार वेळा वाचला. परिपत्रक माझ्या अर्जाच्या तीन महिने आधीचं होतं. आणि खाली, वाचल्याची खूण म्हणून सेक्शनमधले लोक सही करतात तिथे, दुसऱ्याच क्रमांकावर विठ्ठलरावांची सही होती.

म्हणजे मला पंधरा दिवस मिळायला हवे होते. शिक्का आणायला मला एक सकाळ पुरली असती. दोन वर्षं मी स्वतःला वेंधळी म्हणत आले, पोरीची नजर चुकवत आले, आणि चूक माझी नव्हतीच. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं नाही. राग आला होता.

त्या रविवारी करोल बागेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये तालीम होती. अहिल्याताई महिनाभर मला ओरडत होत्या की तू दया मागते आहेस की हक्क, ते आधी ठरव. त्या दिवशीही ओरडल्या. मी म्हटलं, ताई, ठरलं आहे. चहाच्या वेळी विठ्ठलराव कप घेऊन माझ्याजवळ आले. चंद्रप्रभाबाईंचं वजन किती उतरलं ते सांगितलं, अर्ज पोचला का ते विचारलं, आणि मग खाली बघत म्हणाले की वहिनी, तुम्ही आता त्या टेबलावर आहात, मागचं मनात ठेवू नका. मी फक्त इतकंच म्हणाले की नियमाप्रमाणे जे होईल ते होईल. त्यांचा चेहरा पडला. स्वतःच्या तोंडचं वाक्य त्यांनी ओळखलं असावं.

सोमवारी मी नोट लिहिली. दोनदा ‘नामंजूर’ लिहून खोडलं, हेही सांगून टाकते. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं, की सर्टिफिकेट त्रुटीपूर्ण आहे, परिच्छेद सातनुसार अर्जदारास पंधरा दिवस द्यावेत. ऑफिसरनी न वाचताच सही केली. पत्र पोस्टाने न पाठवता मी विठ्ठलरावांना फोन करून बोलावलं. सोबत परिपत्रकाची झेरॉक्स जोडली, सह्यांसकट.

ते मफलर गुंडाळून आले आणि टेबलापुढे उभे राहिले, मी पूर्वी उभी होते तिथेच. मी त्यांना खुर्ची दिली. पत्र वाचून त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले की तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात, तुम्ही माझ्यावर दया केलीत.

“ही दया नाही, विठ्ठलराव,” मी म्हटलं. “हा रूल आहे. मागचं पान बघा.”

त्यांनी झेरॉक्स उलटली. स्वतःची सही ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. शेजारच्या टेबलावर कोणी मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर विचारत होतं. विठ्ठलरावांनी झेरॉक्स घडी करून टेबलावर ठेवली. विसरलो असेन, लक्षात आलं नसेल, असं काही म्हणतील म्हणून मी तयारीत होते. त्याला द्यायची उत्तरंही माझ्याकडे होती.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “पंधरा दिवस दिले असते तर फाइल महिनाअखेरपर्यंत उघडी राहिली असती. मला पेंडिंग शून्य दाखवायचं होतं.”

फक्त तेवढ्यासाठी. माझ्याशी त्यांचं काही वैरसुद्धा नव्हतं. वैर असतं तर मला बरं वाटलं असतं.

“वहिनी, माफ करा मला,” ते म्हणाले. आवाज इनामदाराचा नव्हता, एका थकलेल्या म्हाताऱ्याचा होता. मला त्यांची कीव आली. ती येऊ नये असं वाटत होतं तरी आली.

पण क्षमा मी केली नाही. मी त्यांना सांगितलं की सर्टिफिकेटसाठी सरकारी दवाखान्यात सकाळी सातलाच रांगेत उभं राहा, फॉर्मची कोरी प्रत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या सहीखाली शिक्का बघून घ्या. पंधरा दिवसांत कागद आला तर तुमची केस मी स्वतः वर नेईन. ते मान हलवत राहिले. मग उठले आणि पुन्हा म्हणाले, “माफ केलंत ना?”

“ते माझ्या हातात नाही,” मी म्हटलं. “माझ्या मुलीला वाटतं की तिचं सायन्स तिच्या आईने घालवलं. रविवारी ती हॉलवर येणार आहे, मी बोलावलंय. तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत ते तिला सांगा.”

विठ्ठलराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“सतरा वर्षांच्या पोरीपुढे?” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “आणि मी तिथे शेजारी उभी असेन.”