जीप का तापली

केल्बीला पुरून नऊ दिवस झाले, तेव्हा शेरिफच्या ऑफिसातला माणूस त्याची जीप ट्रेलरवर घालून घेऊन आला. अंगणात उतरवली, डार्लाच्या हातात किल्ली दिली, टोपी काढली आणि म्हणाला, "आमच्या पोरांनी बघितली वहिनी. पट्टा शाबूत आहे, पंखा फिरतोय. गाडी का तापली, काही सांगता येत नाही."

"बरं," डार्ला म्हणाली.

केल्बी तिचा नवरा. डोंगरापलीकडच्या कुरणांवर गुरांच्या पाण्याच्या टाक्या सांभाळायचं त्याचं काम. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो असाच एकटा निघाला आणि टॅनर वॉश या कोरड्या ओढ्याच्या उभ्या चढावर गाडी उकळली. तिथे फोन लागत नाही. प्यायचं पाणी त्याने इंजिनात ओतलं, थोडा वर गेला, पुन्हा उकळली, उरलेलंही ओतलं. मग पायी निघाला. तिसऱ्या दिवशी तो जीपपासून चार मैलांवर, एका खुरट्या झाडाच्या बुंध्याशी सापडला. अंगातला शर्ट काढून त्याने नीट घडी घालून बाजूला ठेवला होता.

डार्लाला ती जीप डोळ्यांसमोर नको होती. पण ट्रेलर फाटकाबाहेर पडला न पडला, तोच मागच्या खोपटातून ऑरिन आला, हातात हत्यारांची पेटी घेऊन. ऑरिन केल्बीचा बाप. चाळीस वर्षं तांब्याच्या खाणीत ट्रकांची इंजिनं उघडली होती त्याने. दफनापासून धड एक वेळ जेवला नव्हता. पँट कमरेवर राहत नव्हती.

"पॉप, आज नको."

"तू आत जा. मला कळलं पाहिजे."

"कळून काय करणार?"

"ते मला विचारू नकोस पोरी."

त्याने बॉनेट उघडलं. पहिल्याच बोल्टवर पाना तीनदा सटकला. डार्ला पायरीवरून बघत राहिली आणि मग तिला बघवेना. ती स्वतः शाळेच्या बसेसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होती.

"सरका. तो बोल्ट घट्ट करताय तुम्ही."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. सरका म्हणते."

तो सरकला.

दोघांनी क्रमाने सगळं बघितलं. रेडिएटरच्या जाळीत चिखल होता, पण थोडाच. पाण्याच्या झोताने धुतला. पाणी भरलं. कुठे गळत नव्हतं. पाण्याच्या पंपाचा कणा हलवून बघितला, खुळखुळत नव्हता. रेडिएटरच्या झाकणाचं रबर नवं होतं. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बघितलं. आले असते तर आतलं गॅस्केट फुटलं असं समजायचं. एकही आला नाही.

"तापमानाचा काटा चढताच त्याने इंजिन बंद केलं असणार, दर वेळी," ऑरिन म्हणाला. "तापवून मारलं नाही त्याने हिला. मी तसंच शिकवलं होतं."

इंजिन निवल्यावर डार्लाने गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन चुलीवरच्या पातेल्यात टाकला. पाणी तापलं की त्याची झडप उघडायला हवी. अडकली असेल तर नाही उघडणार. ओट्यावर दोन्ही तळवे टेकून ऑरिन पातेल्यात बघत होता. उघडू नकोस, डार्ला मनात म्हणत होती. अडकलेला निघ. अडकलेला थर्मोस्टॅट म्हणजे कुणाचाच दोष नाही, एक जुना भाग बिघडला आणि एक माणूस गेला, बस. पाण्याला उकळी फुटायच्या बेतात झडप अलगद उघडली.

"चांगला आहे," ऑरिन म्हणाला.

थर्मोस्टॅट जागेवर बसवून त्यांनी गाडी उन्हात चालू ठेवली. ऑरिन आत बसून काट्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने पंखा घरघरत सुरू झाला.

"पंखा लागला. पण काटा चढतोच आहे."

डार्ला जीपच्या पुढ्यात उभी होती. तिच्या पोटावर गरम हवेचा झोत आला. वारा असेल म्हणून ती बाजूला झाली, झोत थांबला. पुन्हा पुढ्यात आली, पुन्हा झोत. तिला सगळं कळलं. पंख्याने बाहेरची हवा आत ओढायची असते. हा पंखा इंजिनाची उष्ण हवा पुढे ढकलत होता. फिरत होता, आवाजही करत होता, पण उलटा.

पंखा दोन आठवड्यांपूर्वी ऑरिनने बदलला होता. केल्बी कुरणांकडे निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी.

"बंद करा पॉप."

"थांब, अजून बघू दे—"

"बंद करा म्हणते ना!"

त्याने बंद केली नाही. उतरून पुढे आला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मग खिशातून हात पुसायचा कागद काढून जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून त्याच्याच छातीवर आला.

बराच वेळ इंजिन तसंच चालू राहिलं. शेवटी डार्लाने जाऊन किल्ली फिरवली.

"दोन्ही वायरी काळ्याच होत्या, कुठली कुठे ते कळत नव्हतं," ऑरिन म्हणाला. "भंगारातला पंखा. कागद लावून बघतो मी नेहमी. बघणारच होतो. तेवढ्यात..."

तेवढ्यात काय, ते डार्लाला ठाऊक होतं. दारातून तिनेच तिसऱ्यांदा हाक मारली होती, "आता येता की कुत्र्याला घालू?" बापलेक हात पुसत हसत आले होते.

तिच्या हातात पाना होता. तो त्याच्या डोक्यात घालावा असं तिला खरंच वाटलं, आणि त्याच वेळी त्याला धरून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. वाकून दोन वायरींची अदलाबदल केली. दोन मिनिटं लागली. गाडी चालू केली, पंखा लागल्यावर कागद धरला, तो जाळीला घट्ट चिकटून राहिला.

"चढावर नेऊ या," ऑरिन म्हणाला.

"कशाला?"

"ने."

तिने नेली. टॅनर वॉशचा चढ भर दुपारी, पहिल्या गियरमध्ये, दगडांवरून उसळत. काटा मध्याच्या जरा खाली होता. तिथून केसभरही हलला नाही. तो हलावा म्हणून ती देवाची करुणा भाकत होती. हलला असता तर आणखी काही बिघाड आहे म्हणता आलं असतं. जीप न कुरकुरता माथ्यावर पोचली. तिथे पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती आणि चार गाई सावलीला उभ्या होत्या.

"चढली," ऑरिन म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

"हाक मी मारली होती पॉप."

"जेवायला बोलावणं हा काय गुन्हा आहे?"

"मग वायर जोडणं आहे?"

त्याला बरं वाटावं म्हणून आपण बोललो की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे तिला समजेना.

"मला माफ केलंस असं म्हणशील?" त्याने विचारलं.

"आज नाही म्हणता येत."

त्याने मान डोलावली, जणू किती वाजले ते विचारलं होतं आणि ते कळलं.

सप्टेंबरात ऑरिन आयडाहोला बहिणीकडे गेला. बस थांब्यावर डार्लानेच सोडलं. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती का, हे तिला बस वळणाआड गेल्यावरही ठरवता आलं नाही. आता तो रविवारी फोन करतो. तिकडे थंडी किती, इकडे पाऊस झाला का, एवढंच बोलणं होतं. मग फोन कुणीतरी ठेवतं.